पंक्चरवाल्याचा मुलगा

दिवाळीनंतर मी सायकल घेतली. हौसेसाठी नाही, ऑफिसला जायला. विजापूर वेसजवळचं घर ते जुळे सोलापूरमधलं ऑफिस, सात रस्ता आणि आसरा पूल धरून साधारण सहा किलोमीटर. ओळखीच्यांनी दोनच प्रश्न विचारले. ‘डॉक्टरांनी सांगितलं का?’ आणि ‘गाडी विकली का?’ ज्या शहरात गिरणीच्या भोंग्यावर हजारो सायकली रस्त्यावर यायच्या, तिथे आता सायकलवर कामाला जाणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा कर्जबाजारी.

सायकल हायब्रीड आहे. शर्यतीच्या सायकलीसारखी मोठी चाकं, डोंगरी सायकलीसारखं सरळ हँडल आणि मधल्या जाडीचे टायर. खड्ड्यातही चालते, डांबरावरही जड जात नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा फायदा झाला. अशा सायकली खोक्यात अर्धवट जोडलेल्या येतात. हँडल, पुढचं चाक, पॅडल, सीट दुकानात बसवतात. माझी अर्ध्या तासात ‘रेडी’ झाली. फिटिंगचे पाचशे रुपये वेगळे लावले, मी काही न बोलता दिले.

चार दिवसांत गुडघे दुखायला लागले. आसरा पुलाच्या चढावर गिअर बदलला की चेन करकरायची. मागचं चाक एका बाजूला लचकत होतं. शेवटी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीचं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. एक लोखंडी पेटी, हवेचा पंप, पाण्याची घमेली, एवढंच दुकान.

चाचांनी सायकलीआधी माझ्याकडे पाहिलं. ‘सर, ये सीट किसके वास्ते लगाएं? बच्चे के वास्ते?’

मला भिंतीला धरून सायकलीवर बसवलं आणि पॅडलवर टाच ठेवायला लावली. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच टेकवून पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा पॅडलवर आला की गुडघ्यात थोडासाच वाक राहतो. माझी सीट दोन इंच खाली होती. दुखणं गुडघ्याचं नव्हतं, सीटचं होतं.

डावं पॅडल हाताला हलत होतं. ते उलट्या आट्यांचं असतं, उलट्या बाजूनेच आवळावं लागतं. मग गिअर. नवी वायर पहिल्या काही आठवड्यांत सैल पडते. वायर मागच्या गिअरमध्ये शिरते तिथे एक छोटा गोल स्क्रू असतो. चाचा तो पाव-पाव फेरा फिरवत, पॅडल हाताने फिरवत, कान लावत. पाचव्या वेळी करकर थांबली. मग चाकाचा आउट काढला. रिमजवळ खडू धरून चाक फिरवलं. जिथे खडू लागला तिथे त्या बाजूच्या तारा थोड्या सैल केल्या, समोरच्या थोड्या ताणल्या. डिस्क ब्रेक दिसल्यावर तेलाची बुधली बाजूला सरकवली. पाटीला तेल लागलं की ब्रेक धरत नाही. शेवटी मी आणून दिलेले मडगार्ड, कॅरेज, स्टँड आणि घंटी बसवली. माझ्या सायकलीला यातलं काहीच आलं नव्हतं. ही सायकल बनवणाऱ्याच्या मनात फेरफटका मारणारा माणूस होता, डबा आणि फायली घेऊन जाणारा नव्हता.

दोन तास गेले. चाचांनी दोनशे रुपये मागितले. मी सवयीने म्हणालो, ‘डेढ सौ लेव चाचा.’ त्यांनी मुकाट्याने घेतले.

घरी आल्यावर त्या पाचशे रुपयांची आठवण झाली. आणि अब्बांची.

माझे अब्बा सायकल मिस्त्री होते. तासावर सायकली भाड्याने द्यायचे आणि दुरुस्ती करायचे. मला त्यांनी कधी पान्याला हात लावू दिला नाही. ‘तू पढ,’ एवढंच म्हणायचे. मी शिकलो. कॉलेजच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘व्यापार’ लिहिलं. अब्बांनी त्यावर सही केली. त्यांनी ते वाचलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

‘पंक्चरवाला’ हा शब्द आता शिवीसारखा वापरला जातो. सोशल मीडियावर मुसलमानाने काही मत मांडलं की खाली कोणीतरी लिहितंच, ‘जा, पंक्चर काढ.’ 14 एप्रिल 2025 रोजी हिसारच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी म्हणाले की, वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलचे पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. वक्फच्या जमिनींचा हिशेब मागायलाच हवा, आणि तो आपणच आधी मागायला हवा. पण त्या वाक्यात पंक्चर काढणं ही अधोगतीची खूण होती, आणि त्यावर चिडलेल्या आपल्यातल्या अनेकांनी उत्तर काय दिलं? ‘आमच्यातही डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत.’ म्हणजे पंक्चर काढणं कमीपणाचं आहे, हे आपणही मान्य केलं. मी तर ते कॉलेजच्या फॉर्मवरच मान्य केलं होतं.

पंक्चर काढणं म्हणजे काय, हे एकदा नीट पाहा. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधायचा. ती जागा पुसून कोरडी करायची, घासून खरखरीत करायची. सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. ते सुकल्याशिवाय पॅच धरत नाही. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायची, कारण बाभळीचा काटा अजून तिथेच असतो. काटा न काढता पंक्चर काढणारा दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गमावतो. हवेच्या टायरचं पेटंट 1888 साली जॉन बॉइड डनलप या बेलफास्टच्या जनावरांच्या डॉक्टरने घेतलं. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचं 1892 पासून डेटन गावात सायकलींचं दुकान होतं. विक्री, भाडं, दुरुस्ती, सगळं करायचे. 1903 साली त्यांचं विमान उडालं तेव्हा कोणी त्यांना ‘जा, पंक्चर काढा’ म्हणालं नाही.

आणि दीनच्या बाजूने पाहिलं तर आपल्याला लाजायचं कारणच नाही. पैगंबर (स.) स्वतःची पादत्राणं स्वतः सांधत असत. हजरत दाऊद (अ.) आपल्या हाताच्या कमाईवर जगत, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि बाहेर येऊन मिस्त्रीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

याचा अर्थ मुलांनी हेच करत राहावं असा नाही. अब्बांना सुट्टी नव्हती, पेन्शन नव्हती, म्हातारपणी कंबर गेली. मुस्लिम कामगार पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत, हे सच्चर समितीने 2006 सालीच सांगितलं. यातला मोठा भाग निवडलेला नाही, वाट्याला आलेला आहे. मुलांना शिकवलंच पाहिजे. पण हातातलं काम खालचं आहे असं सांगून शिकवू नये. आणि जे हे काम करतात त्यांना त्यातून नीट जगता आलं पाहिजे.

त्यासाठी दोन गोष्टी लगेच करता येतील. गिअर आणि डिस्क ब्रेकच्या सायकली वाढल्या, पण त्यांचं शिक्षण मिस्त्रींना कोणी दिलं नाही. चाचा पोरांच्या सायकली उघडून स्वतः शिकले. आयटीआयमध्ये किंवा आपल्याच एखाद्या शिक्षणसंस्थेच्या आवारात पंधरा दिवसांचा वर्ग सुरू करायला किती खर्च येईल? दुसरी गोष्ट जागेची. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर बसून सेवा देणाराही येतो, फक्त भाजीवाला नाही. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रींची नोंद व्हावी, प्रमाणपत्र मिळावं, म्हणून मोहल्ल्यातल्या शिकलेल्या तरुणांनी त्यांचे अर्ज भरून द्यावेत. लोकांनी कामाला सायकलने जावं असं वाटत असेल तर दर किलोमीटरला असा एक माणूस बसलेला लागतो.

आता मी रोज सायकलने जातो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढे जाईल, तेव्हा सकाळी लवकर निघेन आणि शर्ट पिशवीत नेईन. गुडघे दुखत नाहीत. मागच्या आठवड्यात पुलाजवळ काटा घुसला, तेव्हा सायकल ढकलत पहिल्या मिस्त्रीपर्यंत गेलो आणि त्याने मागितले तेवढे पैसे दिले. चाचांचे पन्नास रुपयेही देऊन आलो.

तो कॉलेजचा फॉर्म आता बदलता येणार नाही, म्हणून इथे लिहितो. वडिलांचा व्यवसाय : सायकल दुरुस्ती. माझे अब्बा पंक्चर काढायचे.