आधी बाळाचे डोळे तपासा

तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढरट ठिपका दिसला की बऱ्याच घरांत पहिली झडती आईची होते. ग्रहणात बाहेर पडली होतीस का? विळीवर भाजी चिरलीस का? ओली बाळंतीण निमूटपणे ऐकून घेते आणि दवाखाना लांबणीवर पडतो.

२५ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं. राज्यात तेव्हा लाखो स्त्रिया गरोदर होत्या. त्यानंतर अधू डोळ्यांच्या बाळांची लाट आली नाही. अशी लाट खरोखर आली होती ती ऑस्ट्रेलियात. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची माहिती मांडली. त्यांतल्या ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता. आदल्या वर्षी त्याची साथच होती. पहिल्या तीन महिन्यांत, डोळ्याचं भिंग घडत असताना, हा विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचतो. त्यावर लस आहे आणि सरकारी केंद्रात ती मुलांना मोफत मिळते. काही बाळांत दोष आनुवंशिक असतो, तर पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण कारण सापडलं नाही म्हणून ते आईच्या माथी मारायचा अधिकार कुणाला मिळत नाही.

दुसरा समज मायेपोटी येतो, म्हणून जास्त घातक. "एवढ्याशा जिवाला भूल कशी द्यायची? जरा मोठं होऊ दे, मग ऑपरेशन करू." डोळा थांबेल, मेंदू थांबत नाही. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ शिवून बंद ठेवला. पुढे उघडल्यावर डोळा धड होता, पण मेंदूने त्याची दखल घेणं सोडून दिलं होतं. या संशोधनाला १९८१ चं नोबेल मिळालं. म्हणूनच दाट मोतीबिंदू जन्मानंतर पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच काढावा, एकाच डोळ्यात असेल तर त्याहूनही लवकर, असं डॉक्टर सांगतात. पुढे चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. मूल ती ओरबाडून काढतं, आई पुन्हा लावते. खरी लढाई ही आहे.

मग उशीर झालेल्यांनी आशा सोडायची? मुळीच नाही. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात आठ वर्षांपुढच्या मुलांवरही शस्त्रक्रिया झाल्या. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना सुरुवातीला नजरेने ओळखता येईना. काही दिवसांतच जमू लागलं. नजर पूर्ण येत नाही, पण जगणं सोपं होण्याइतकी येऊ शकते.

आणि ते टपोरे डोळे! पाहुणे कौतुक करतात, आजी दृष्ट काढते. पण डोळे वाजवीपेक्षा मोठे, सतत पाणी, उजेडात घट्ट मिटणं आणि बुबुळावर धुरकटपणा, अशी लक्षणं दिसली तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. तिथे काजळ-तीट उपयोगाची नाही; त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठायला हवा.

डोळ्यात प्रकाश टाकून बाहुलीतली लाल चमक पाहायला डॉक्टरांना मिनिटभरही लागत नाही. प्रसूतिगृहातून घरी जाण्याआधी, निदान पहिल्या लशीच्या वेळी, ती तपासणी मागून घ्या. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, तर तोच फोटो घेऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.