गच्ची कोणाची?

काशीच्या पक्क्या महालात, म्हणजे घाटांलगतच्या जुन्या दाट वस्तीत, जुनं घर दुरुस्त करायचं ठरलं की पैशांचा वाद उशिरा येतो. आधी वाद होतो तो गच्ची कोणाची यावर. खोल्या केव्हाच वाटून झालेल्या असतात. थोरल्याकडे पुढचं दालन, मधल्याकडे चौकाच्या पूर्वेच्या दोन खोल्या, धाकट्याकडे माडी. गच्ची, जिना, चौक आणि पावसाचं पाणी गल्लीतल्या गटारापर्यंत नेणारी वाट यांचा उल्लेख वाटणीच्या कागदात एका शब्दात उरकलेला असतो: ‘सामाईक’. सामाईक म्हणजे ज्यावर सगळ्यांचा हक्क आणि ज्याला कुणीच पैसे घालत नाही, असा अर्थ पुढच्या पिढीनं लावलेला असतो. या सदरात वाड्यांविषयी लिहिताना मी अनेक बाजू मांडल्या आहेत. काशीतली मराठी घरं पाहिल्यावर मात्र माझं मत ठाम झालं आहे. घर एकत्र दुरुस्त करायचं असेल तर पहिला रुपया सामाईक जागेवर खर्च व्हायला हवा, आणि तो कुणाच्याही खोलीच्या आधी.

रामघाट, जटार घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा गंगेच्या काठचा सलग पट्टा म्हणजे काशीतला जुना मराठी मुलूख. एकनाथांनी भागवतावरची टीका १५७३मध्ये काशीतच पुरी केली. पेशवाईत या काठावर पुण्याचा, ग्वाल्हेरचा, नागपूरचा पैसा आला. घाट बांधले गेले, देवळं उभी राहिली, वाडे झाले. नाना फडणविसांचा वाडा या भागात होता, अमृतराव पेशव्यांनी गणेशघाटावर अमृतविनायकाचं देऊळ बांधलं, ग्वाल्हेरच्या जटारांचं नाव घाटालाच मिळालं. रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयात आजही मुलं वेद शिकतात. मोठ्या नावांच्या या वास्तूंच्या आजूबाजूला भिक्षुकांची, शास्त्र्यांची, पुराणिकांची साधी घरं दाटीनं उभी राहिली. ती कुठल्याही यादीत नाहीत. त्यांची काळजी घ्यायला कुटुंबाशिवाय कुणी नाही.

माझ्या आत्याचं सासर त्यांपैकीच एक. दोन मजले, मध्ये चौक, चौकावर वानरं अडावीत आणि उजेड यावा म्हणून बसवलेली लोखंडी जाळी. भिंती लाखौरी विटांच्या. ही वीट आजच्या विटेच्या निम्म्याहूनही पातळ, चुना आणि सुरखीत बसवलेली. भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण पुष्कळदा आतून दोन पदरी असते आणि मधे भराव. उंबरे, पायऱ्या, खांब चुनारच्या दगडाचे. चुनार गंगेवरच आहे, त्यामुळे तिथला दगड पूर्वी नावेनं थेट घाटाला लागायचा. आता दुरुस्तीचं सामान गल्लीच्या तोंडाशी उतरतं आणि तिथून डोक्यावरून किंवा खेचरावरून आत जातं. ट्रक सोडाच, हातगाडीही वळत नाही अशा गल्ल्या आहेत. राडारोडाही त्याच वाटेनं बाहेर काढायचा, त्यामुळे पाडण्याचा खर्च बांधण्याच्या खर्चाला येऊन भिडतो.

आत्याच्या तिन्ही मुलांनी गेल्या काही वर्षांत आपापल्या भागाची दुरुस्ती केली होती, आणि मनापासून केली होती. थोरल्यानं दालनाच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून टाइल्स लावल्या. मधल्यानं खोलीला लागून संडास-न्हाणीघर काढलं. धाकट्यानं गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी बसवली. तिघांनाही वाटलं, घर सुधारलं. मग एका पावसाळ्यात चौकाच्या पूर्वेची भिंत पोट काढून पुढे आली.

मिस्त्री आले ते त्या भिंतीकडे न बघता आधी वर गेले. “पहले छत दिखाइए, माताजी,” असं आत्याला म्हणाले. गच्चीवरचा चुन्याचा कोबा जागोजाग फुटलेला होता, फटींत पिंपळाची रोपं उगवली होती. खाली येऊन त्यांनी शिडी लावली, तुळईवर हातोडीनं एका टोकापासून ठोकत गेले. मधे आवाज खणखणीत येत होता, भिंतीजवळ आल्यावर तो बसका झाला. तिथं त्यांनी टोच्या लावला. तो अडथळ्याशिवाय वीतभर आत गेला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला काळपट ओला भुसा होता. तुळईचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं तेच आधी कुजतं, कारण भिंत ओली असली तर त्याला वारा कधीच मिळत नाही. वरून दिसणारी तुळई धडधाकट, आणि जिथं ती भार टेकवते तिथं काही उरलेलं नाही.

मग एकेक उलगडा झाला. चुन्याची भिंत ओल पिते आणि वाऱ्यावर सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार विटेच्या तोंडाशी जमतात आणि वीट भुगा होऊन सुटते. थोरल्याच्या टाइल्सनी ओल अडवली नव्हती, फक्त वर ढकलली होती. मधल्याच्या न्हाणीघराचा नळ त्या दोन पदरी भिंतीत झिरपत होता, भराव खचून पदर सुटत होते. धाकट्याची हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं, आणि ते कुजलेल्या टोकाच्या तुळईवर बसलं होतं. तिघांपैकी कुणी चुकीचं वागलं असं मला म्हणवत नाही. प्रत्येकानं आपल्या वाट्यापुरतं पाहिलं, आणि घराला वाटे नसतात.

या भागात असं दुर्लक्ष जिवावर बेततं. ६ ऑगस्ट २०२४ला पहाटे विश्वनाथ मंदिराजवळच्या गल्लीत दोन जुनी घरं कोसळली आणि एका महिलेचा जीव गेला. इथली घरं एकमेकांना खेटून, एकमेकांच्या भिंतींवर रेलून उभी आहेत. एक पडलं किंवा पाडलं की शेजारच्याची जी भिंत पिढ्यान्‌पिढ्या झाकलेली होती ती उन्हापावसात उघडी पडते. विश्वनाथ धामासाठी ३००हून अधिक मालमत्ता घेऊन त्या पाडल्या गेल्या आणि डिसेंबर २०२१मध्ये धाम खुलं झालं. तेव्हापासून यात्रेकरूंची गर्दी वाढली आणि जुन्या घरांत अतिथिगृहं काढायची घाई सुरू झाली. प्रत्येक खोलीला जोडून न्हाणीघर हवं, म्हणजे प्रत्येक मजल्यावर नवे नळ, नव्या गळत्या. कुटुंबानं दोन खोल्या पाहुण्यांना देऊन त्या पैशात गच्ची राखली तर मी त्याला मनापासून पाठिंबा देईन. पण आधी गच्ची, मग पाहुणे.

आत्याच्या घरी बैठक चौकातच झाली. मीही होतो. तिघं भाऊ, दोन वहिन्या, आत्या खुर्चीवर. खर्चाचे तीन भाग करायचं ठरत आलं होतं, तेव्हा आत्या म्हणाली, “आणि नागपूरवालीला विचारलंत का?” नागपूरवाली म्हणजे तिची मुलगी, आमची ताई. कुणी विचारलं नव्हतं. वाईट हेतूनं नव्हे, सवयीनं. लग्न होऊन गेलेली मुलगी घराच्या डागडुजीत कशाला, असं गृहीत धरलेलं होतं.

काशीच्या मराठी घरानं तरी हे गृहीत धरू नये असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. वाटणीचं शास्त्र या गल्ल्यांतल्या मराठी पंडितांनीच लिहिलं. पैठणहून काशीला आलेल्या भट्ट घराण्यातल्या नीळकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ रचला. इंग्रजी अमलात मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणातली न्यायालयं वारशाचे खटले त्याच्या आधारानं चालवत होती. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याची आवृत्ती १९२६मध्ये काढली. त्या ग्रंथात नीळकंठांनी बहिणीला वारसांच्या क्रमात मानाची जागा दिली, आणि त्यावरून मुंबई इलाख्यात बहिणींना हक्क मिळाले. अलीकडचा कायदा त्याच्या कितीतरी पुढे गेला आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यातलं कलम २३ असं होतं की राहत्या घराची वाटणी पुरुष वारस मागत नाहीत तोवर मुलीला ती मागता येत नसे. २००५च्या दुरुस्तीनं ते कलम गेलं आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतका वाटा मिळाला. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये तो निःसंदिग्ध केला. तेव्हा आत्याचा प्रश्न मायेचा होता तसाच कायद्याचाही होता.

फोन लावला. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जिन्याखालची मोरी उघडी आहे ना?” कसली मोरी, कुणालाच आठवेना. लहानपणी चौक धुताना पाणी जिन्याखालच्या दगडी भोकातून जायचं, तिथं तिची नि आत्याची रोजची कामाची जागा होती. मुलगे चौकात खेळले, तिनं तो धुतला, म्हणून पाण्याची वाट तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जिन्याखालची फरशी उचलली. दगडी मोरी जागेवर होती, न्हाणीघर काढताना राड्यानं बुजवलेली. चौकातलं पाणी इतकी वर्षं भिंतीच्या पायात मुरत होतं.

परवानगीचं प्रकरण वेगळंच आहे. गंगेच्या काठापासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायला मनाई आहे, दुरुस्तीला परवानगी काढावी लागते. हा नियम मला योग्य वाटतो, त्याच्यामुळेच या काठावर उंच इमारतींची भिंत उभी राहिली नाही. पण दुरुस्ती आणि नवं बांधकाम यांतला फरक कागदावर सिद्ध करताना सामान्य कुटुंबाची दमछाक होते, मालकीत पाच-सात नावं असली की अधिकच. मग लोक दुरुस्ती पुढे ढकलतात किंवा रात्रीतून उरकतात. कुजलेली तुळई बदलणं, फुटलेला कोबा पुन्हा चुन्यात करणं, मोरी मोकळी करणं, अशा कामांना एका सहहिस्सेदाराच्या अर्जावर थोड्या दिवसांत मंजुरी मिळायला हवी. चुन्यात काम करणाऱ्या मिस्त्रींची यादीही मंजुरी देणाऱ्या कार्यालयात लावलेली हवी. रामघाटापासून चार पावलांवर बालाजी घाट आहे. तिथली पडझड झालेली वास्तू २०१२मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या जगातल्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत आली आणि नंतर तिची डागडुजी झाली. तिथं जी काळजी घेतली गेली तिचा काही अंश शेजारच्या बिननावाच्या घरांना मिळावा ही मागणी जास्तीची नाही.

आत्याच्या घरी शेवटी चार वाटे ठरले. ताईचा चौथा, तिनं स्वतःहून सांगितलेला. एक खातं उघडलं, त्यातला पैसा फक्त गच्ची, जिना, चौक आणि मोरी यांवर. ज्याला आपल्या खोलीत काही करायचं असेल त्यानं या खात्यात आपला हिस्सा भरून मग करावं. दिवाळीनंतर काम सुरू झालं, कारण चुना उन्हाळ्यात फार लवकर वाळतो आणि तडकतो, पावसात वाळतच नाही. कुजलेलं टोक कापून तुळईला नव्या सागाचा जोड दिला, गच्चीचा कोबा उखडून पुन्हा घातला, बायका ओळीनं बसून लाकडी थापीनं तो ठोकत होत्या. टाइल्स निघाल्या. पूर्वेच्या भिंतीचा गिलावा खरवडून ती तशीच उघडी ठेवली आहे, वाळायला. यंदा तिच्यावर काही चढवायचं नाही असं मिस्त्रींनी बजावलं आहे आणि थोरल्या वहिनींना ती रोज तशी बघणं जड जातं आहे. धाकट्याची टाकी अजून वरच आहे. ती उतरवून पाचशेच्या दोन टाक्या भिंतींच्या डोक्यावर बसवाव्यात असं मिस्त्री म्हणतात, तो नको म्हणतो. होळीला ताई येणार आहे, तेव्हाच्या बैठकीत तोच विषय आहे.