विषयक्रमांक : नुसती खूण की क्रमाचे दर्शन?

चरकसंहितेचे अध्याय १२०. सूत्रस्थानाचे ३०, निदान, विमान व शारीर यांचे प्रत्येकी ८, इंद्रियस्थानाचे १२, चिकित्सास्थानाचे ३० आणि कल्प व सिद्धिस्थानाचे प्रत्येकी १२. सूत्रस्थानातील पहिले २८ अध्याय चार-चारांच्या सात चतुष्कांत गुंफलेले आहेत : भेषज, स्वस्थ, निर्देश, कल्पना, रोग, योजना आणि अन्नपान. उरलेले दोन संग्रहाध्याय. येथे अध्यायाच्या क्रमांकावरून आधी काय जाणले पाहिजे आणि पुढे काय येणार याचा बोध होतो. क्रमांक हाच अध्यापनाचा क्रम आहे.

आधुनिक विद्यापीठांनीही हा विचार केला आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत शंभराच्या मालिकेतील विषय प्रवेशिकेचे, तर तीनशे-चारशेच्या मालिकेतील प्रगत मानले जातात. विद्यार्थी कोणत्या वर्षात आहे हे न पाहताही विषयाची पातळी क्रमांकावरून कळते.

आपल्या पदवी अभ्यासक्रमात २०२१-२२ च्या तुकडीपासून विषयांना संकेताक्षरे आहेत. द्रव्यगुणास ‘डीजी’, रसशास्त्र-भैषज्यकल्पनेस ‘आरबी’, संहिता अध्ययनास ‘एसए’. त्यापुढे १, २, ३ असा चढता अंक मात्र संहिता अध्ययनालाच लाभला. प्रथम व्यावसायिक परीक्षेस चरकाचे सूत्रस्थान १ ते १२ अध्याय आहे, म्हणजे नेमकी तीन चतुष्के. परंपरेचा धागा येथे राखला गेला, याबद्दल समाधानच वाटते. ‘डीजी’, ‘आरबी’ ही अक्षरे मात्र नावाचा संक्षेप तेवढा सांगतात. विषय कोणत्या टप्प्याचा, हे सांगत नाहीत.

टप्पा सांगण्याचे काम मग ‘प्रथम’, ‘द्वितीय’, ‘तृतीय’ या शब्दांवर येते, आणि ते शब्द स्थिर नाहीत. २०१२ च्या रचनेत साडेचार वर्षांचे १२, १२, १२ व १८ महिने असे चार भाग होते. आज १८ महिन्यांचे तीन आहेत. जुन्या रचनेत ‘द्वितीय उत्तीर्ण’ म्हणजे २४ महिन्यांचे अध्ययन, आज ३६ महिन्यांचे. जुन्या रचनेत अगदतंत्र व स्वस्थवृत्त तृतीय टप्प्यास होते. आज ते द्वितीय टप्प्यास आहेत.

फार्मसीचालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. शिक्षण अर्धवट राहिलेले दोन उमेदवार समोर आहेत, दोघेही ‘द्वितीय उत्तीर्ण’. एकाने अगदतंत्राची परीक्षा दिली आहे, दुसऱ्याने नाही. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांसारखी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये हाताळणाऱ्या विभागात हा भेद क्षुल्लक म्हणता येईल काय? गुणपत्रिकेच्या शीर्षकावरून तो उमगत नाही.

यावर कोणी म्हणेल, क्रमांक देणे हे लेखनिकाचे काम. वैद्याने रुग्ण पाहावा. परंतु वर्गीकरण हा आपल्या शास्त्राचा प्राण आहे. द्रव्यांचे गण आणि रोगांचे भेद काटेकोरपणे करणाऱ्या परंपरेने स्वतःच्या विद्येचे वर्गीकरण इतरांवर सोपवून स्वस्थ बसावे, हे उचित नव्हे.

मागणी मोठी नाही. प्रत्येक गुणपत्रिकेवर अभ्यासक्रमाचे वर्ष, टप्प्याचा महिन्यांतील कालावधी आणि विषयाचा पातळीदर्शक अंक छापला जावा. रचना बदलली तर जुन्या-नव्या विषयांचा तुलनात्मक तक्ता त्याच वेळी प्रसिद्ध व्हावा. आपल्या संघटनेने ही मागणी विद्यापीठाकडे व राष्ट्रीय आयोगाकडे लेखी करावी, अशी नम्र सूचना आहे. तोवर फार्मसीचालकांनी उमेदवारास ‘कितवे वर्ष?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कोणत्या वर्षीचा अभ्यासक्रम?’ हेही अवश्य विचारावे.