‘इंटर्नमेंट’ की बंदिवास?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबले. या घटनेला दीर्घकाळ ‘इंटर्नमेंट’ म्हटले गेले. कायद्याच्या परिभाषेत हा शब्द शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना स्थानबद्ध करण्यासाठी आहे. येथे तर सुमारे दोन-तृतीयांश लोक अमेरिकेचेच नागरिक होते. म्हणून आज अनेक अभ्यासक ‘इन्कार्सरेशन’ हा शब्द योजतात. त्याच्या मुळाशी तुरुंगवाचक ‘कार्सेर’ हा लॅटिन शब्द आहे.

मराठीत मात्र ‘कारावास’ म्हटले की खटला आणि शिक्षा गृहीत धरली जाते. या लोकांवर तर खटलाच चालला नव्हता. ‘स्थानबद्धता’ जुनीच चूक पुढे चालवते. मला ‘बंदिवास’ न्याय्य वाटतो. तो कैद लपवत नाही आणि कैद्याला गुन्हेगारही ठरवत नाही.