पाडकामाला आरोग्यसुधारणा म्हणू नये

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले, तेव्हा मुंबईत आरोग्यसुधारणा मुळीच झाली नव्हती असे नाही. विहारचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये शहरात पोचले होते. सांडपाण्याची सोय मात्र त्या मानाने झाली नाही आणि दाटी वाढतच गेली. साथ येताच सरकारने रोगाचे मूळ कामगाराच्या घरात शोधले. गटारांत जंतुनाशके ओतली, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ ही अक्षरे रंगवली. १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला आणि दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढण्याचे काम सुरू झाले. या सुधारणेने रोगट खोली नेमकी हेरली. ती खोली कशामुळे भरते, हे मात्र तिने विचारले नाही.

उत्तर गिरणीच्या हिशेबवहीत होते. पगार महिना उलटल्यावर हाती पडे, तोवर वाण्याकडची उधारी चाले. काम मिळणे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या, मर्जीवर असे. भल्या पहाटे फाटकापाशी हजर व्हायचे, तर खोली गिरणीजवळच हवी. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रिया आणि मुलांचे तास बांधून दिले. प्रौढ पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून, अर्ज करून रविवारची सुट्टी मागितली होती, ती याच स्थितीमुळे. ही व्यवस्था अटळ नव्हती, याचा पुरावा प्लेगनेच दिला. कामगार कोकणात आणि देशावर निघून जाऊ लागताच अनेक गिरण्यांनी रोजच्या रोज रोख मजुरी मोजली, नाक्यांवर चढी बोली लावून माणसे मिळवली. गरज मालकाची झाली, तेव्हा रीत बदलली.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली, मग अधिकाऱ्यांना दोष कसा द्यायचा? पिसवांच्या अज्ञानाबद्दल दोष देता येत नाही. पण अपुरी मजुरी आणि दाटी यांचा संबंध कळायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. दुसरा आक्षेप असा की, गावी पैसे पाठवण्यासाठी कामगार स्वतःच खोलीत दाटीने राहत. खरे आहे, पण ज्याच्या मजुरीत मुंबईतले भाडे आणि गावाकडचे कुटुंब ही दोन्ही बसत नाहीत, त्याच्या काटकसरीला पसंती म्हणणे हा अन्याय आहे. तिसरा आक्षेप वजनदार आहे: ट्रस्टने हवा-उजेड आणला, गरिबांसाठी चाळीही बांधल्या. त्या कामाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र सुरुवातीच्या दोन दशकांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती मुख्यतः मध्यमवर्गाच्या झाल्या. उठवलेला कामगार शेजारच्या गल्लीत गेला आणि तिथली दाटी वाढली. एका गल्लीतला रोग दुसऱ्या गल्लीत सरकवणे ही आरोग्यसुधारणा नव्हे.

प्लेगग्रस्तांसाठी झटताना लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच साथीला बळी पडले. त्यांनी मागितलेली विश्रांती, मजुरी आणि माणसासारखी वागणूक हासुद्धा आरोग्याचाच कार्यक्रम होता, पण सरकारदरबारी तो कामगारांचा तंटा म्हणून वेगळ्या कप्प्यात गेला. आजही वस्तीसुधारणेच्या योजना पाडलेल्या झोपड्या आणि उभारलेले मजले मोजतात. प्रत्येक योजनेला आपण आधी एकच प्रश्न विचारला पाहिजे: इथून उठणाऱ्या माणसाला त्याच्या कमाईत परवडणारी खोली, त्याच्या कामाच्या टप्प्यात मिळणार आहे का? उत्तर नाही असेल, तर त्या योजनेला आरोग्याच्या नावाने मंजुरी मिळता कामा नये.