सीरियन गृहयुद्धातील निर्णायक लढाया

सीरियन गृहयुद्धात (२०११–२०२४) राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांचे सैन्य आणि विविध बंडखोर गट यांच्यात झालेल्या प्रमुख लढायांचा निकाल बहुतांशी परकीय मदतीवर अवलंबून राहिला.

जून २०१३ मध्ये सरकारी सैन्याने लेबनॉनमधील हिजबुल्लाह संघटनेच्या साहाय्याने सीमेलगतचे अल-कुसैर जिंकले व बंडखोरांचा रसदमार्ग तोडला. अलेप्पो शहर जुलै २०१२ पासून दुभंगलेले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये रशियाने हवाई हल्ले सुरू केल्यावर पारडे फिरले. वेढा व बाँबहल्ल्यांनी शहराचा पूर्व भाग उद्ध्वस्त झाला, हजारो नागरिकांना घरे सोडावी लागली आणि डिसेंबर २०१६ मध्ये जवळपास संपूर्ण शहर सरकारच्या ताब्यात आले.

मात्र हा विजय टिकला नाही. पुढे रशिया युक्रेनमध्ये गुंतला, तर इस्रायलशी झालेल्या युद्धाने हिजबुल्लाह दुर्बल झाली. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी हयात तहरीर अल-शामच्या नेतृत्वाखाली बंडखोरांनी चढाई केली. चार वर्षांच्या लढाईनंतर सरकारला मिळालेले अलेप्पो चार दिवसांत पडले. ५ डिसेंबरला हमा व ८ डिसेंबरला राजधानी दमास्कस बंडखोरांच्या हाती गेली. असद यांनी रशियात आश्रय घेतला. मित्रांचा आधार सुटताच त्यांच्या सैन्याने बहुतेक ठिकाणी फारसा प्रतिकार केला नाही.