रायवळाची कोय

रायवळ आंबा कापून खायचा नसतो, चोखायचा असतो. मोठी कोय, दातांत अडकणाऱ्या शिरा, देठाशी चिकाचा झणका आणि गोडीमागून येणारा आंबटपणा. रायवळ कोयीतून रुजतो, आणि कोयीतून रुजलेलं झाड आईवर जाईलच असं नाही, म्हणून एका गावातल्या दोन रायवळांची चवही जुळत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आले आणि तिथे आंब्याची कलमं बांधली जाऊ लागली. मग जिभेला आवडलेलं एखादं झाड तसंच्या तसं शेकडो अंगणांत उतरवता आलं. हापूस त्यातलाच. 1981 मध्ये वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ दिला. त्यात हापूसला छळणारा साका, म्हणजे गर स्पंजासारखा होण्याचा दोष, होत नाही.

गोडीच्या या निवडीत आपण नुसत्या साखरेवर भाळलो, असं मला वाटतं. (आमरसात वर आणखी साखर घालणाऱ्यांशी तर बोलणंच खुंटलं!) पण हापूसचं कलम आजही रायवळाच्या कोयीतून उगवलेल्या रोपावरच बांधतात.

तुमच्या गावात एखादा जुना रायवळ उभा असेल, तर त्याचं नाव आणि चव आम्हाला जरूर लिहून कळवा.